अमेरिकेत चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह: लशींचा फॉर्म आणि राउंडवरचं प्रेझेंटेशन

लातूरकर_मेडिको:
फायनल इयरला आहे. अमेरिकेतल्या एका टीचिंग हॉस्पिटलात मेडिसिनचं इलेक्टिव्ह (काही आठवडे वॉर्डात शिकणं) मिळेलसं दिसतंय. लसीकरणाचा फॉर्म आलाय आणि लहानपणीचं कार्ड काही सापडत नाही. बीसीजी (टीबीची लस) झालंय, त्यामुळे मॅन्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) पॉझिटिव्ह आली तर? शिवाय राउंडला केस आपल्यासारखीच सांगायची असते का? जाऊन आलेल्या सिनियर्सनी सांगा.

टायटर_आधी:
कार्डाच्या मागे लागू नकोस, टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) कर. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या या चारही आजारांचं आयजीजी (एक प्रकारची अँटिबॉडी). हेपॅटायटिस बीसाठी अँटी-एचबीएस (त्याची अँटिबॉडी), आणि तोही आकड्यात माग: 10 किंवा जास्त हवा. नुसतं 'रिॲक्टिव्ह' लिहिलेला रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी परत पाठवतात. कोर्सच झाला नसेल तर 0, 1, 6 महिने असे तीन डोस आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून सुरुवात इथून कर.

टीबीसाठी इग्रा ही रक्तचाचणी कर, म्हणजे क्वांटिफेरॉन. त्यातली अँटिजेन बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. आपल्याकडे सुप्त टीबी मुबलक, म्हणून तरीही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरचं पत्र जोडायचं. खरी गोम क्रमात आहे: एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) किंवा कांजिण्यांची लस जिवंत असते, ती घेतल्यावर चार आठवडे टीबीची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. इग्राचं रक्त लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी दे.

आणि टीटीचं (नुसत्या धनुर्वाताचं) इंजेक्शन म्हणजे टीडॅप नव्हे. डांग्या खोकल्याचा घटक असलेलीच लस लागते, तीही बऱ्याच ठिकाणी गेल्या दहा वर्षांतली.

प्रीराउंड_सहा_वाजता:
केस आपल्यासारखी सांगितलीस तर दुसऱ्या मिनिटाला थांबवतील. जुन्या पेशंटला रोज नव्यानं हिस्ट्री नसते. एका वाक्यात पेशंट कोण ते सांग, मग रात्रीत काय झालं, पेशंट काय म्हणतो, 24 तासांतली व्हायटल्सची (नाडी, बीपी, ताप वगैरे) रेंज (एकच बीपी नव्हे), इनटेक-आउटपुट, वजन, तपासणी, नवे रिपोर्ट. पुढे प्रॉब्लेमवार असेसमेंट आणि प्लॅन.

हार्ट फेल्युअरचा पेशंट घे. 'काल दीड लिटर निगेटिव्ह (आत गेलं त्यापेक्षा तेवढं जास्त बाहेर), वजन सव्वा किलोनं कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) 1.1 वरून 1.4, पायाची सूज आहे पण आता घोट्यापर्यंतच.' आपली मुलं इथे थांबतात आणि सर काय म्हणतात त्याची वाट बघतात. तिथे पुढचं वाक्य तूच बोलायचं: लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) शिरेतूनच चालू ठेवायचं, कमी करायचं की गोळीवर आणायचं, आणि का. चुकलास तरी चालतं, मत नसणं मात्र चालत नाही.

शब्दही बदल. मोनोसेफ, पॅन फॉर्टी ही आपली ब्रँडची नावं कुणाला कळत नाहीत, जेनेरिक नाव बोल. पॅरासिटामॉलचं ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिनचं एपिनेफ्रिन होतं. टीबीला 'कॉक्स' म्हटलंस तर समोरचा बघत राहील. 'आरटीए' म्हणजे तिथे मूत्रपिंडाचा आजार, रस्त्यावरचा अपघात नव्हे. ताप फॅरनहाइटमध्ये: 100.4 पासून पुढे.

नोट_कॉपी_करू_नका:
दोन गोष्टी राहिल्या. कालची नोट आजला कॉपी करायची सोय असते आणि त्यातच फसगत होते: ऑक्सिजन काल निघाला, नोटमध्ये अजून दोन लिटर चालूच. असेसमेंट रोज कोरी लिही. नातेवाइकांशी बोलण्याआधी पेशंटला विचार. आपल्याकडे काकांना बाहेर बोलावून सगळं सांगतात तसं तिथे चालत नाही.

शिफारसपत्रासाठी चौथ्या आठवड्याची वाट बघू नकोस. अटेंडिंग (टीमचे वरिष्ठ डॉक्टर) एक-दोन आठवड्यांनी बदलतात. ज्यांनी तुझी प्रेझेंटेशन्स ऐकली, त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांत विचार.

लातूरकर_मेडिको:
एमएमआर उद्याच घेणार होतो, थांबवतो. आधी इग्रा. हे सगळं इंटर्नशिपमध्ये केलं तर?

टायटर_आधी:
बरीच हॉस्पिटलं इलेक्टिव्ह फक्त फायनल इयरच्या विद्यार्थ्यालाच देतात. बी-1 व्हिसासाठीही ते इलेक्टिव्ह तुझ्या कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं आणि पगार नसावा लागतो. डीनच्या पत्रात तारखांसकट दोन्ही लिहून घे. पास झाल्यावर बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिपच उरते, त्यात पेशंटला हात लावता येत नाही.