मदत हवी आहे: आमच्या चर्चच्या मंडळीच्या पैशातून बाहेरच्या कामांना किती टक्के द्यायचे? रविवारी मीटिंग आहे

नवा_खजिनदार
सलाम सगळ्यांना. जरा घाईत आहे. रविवारी उपासनेनंतर कमिटीची मीटिंग आहे आणि मला आकडा मांडायचाय. मंडळीकडे पैसे जमलेत आणि मागणारे चौघं आहेत, एक अनाथाश्रम, एक आजारी लोकांना औषधं पुरवणारा गट, मुलांच्या फीचा एक अर्ज आणि एक सुवार्ताकार्य (ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्यांचं काम). किती टक्के बाहेर द्यायचे आणि चौघांत कसे वाटायचे? मागच्या मीटिंगला दोन तास वाद झाला, कुणी दहा म्हणतं कुणी पन्नास, पाळकसाहेब गप्प. मला बायबलची वचनं माहीत आहेत, कृपया आकडा सांगा.

जुना_पंच
आकडा कसला सांगणार, पैसे कसले आहेत ते तर सांगा. दर रविवारचं अर्पण? दशमांश, म्हणजे सभासदांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा? उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेलं? की कुणी खास हेतूने दिलेले? त्यावर सगळं अवलंबून आहे. आणि तुमच्या मंडळीची घटना काय म्हणते, बाहेर द्यायचा ठराव कमिटी करू शकते की वार्षिक सभा लागते?

पहिलं_फळ
दहा टक्के. सभासद मंडळीला दशमांश देतात ना, मग मंडळीनेही आपल्या उत्पन्नाचा दशमांश बाहेर काढावा. मलाखी ३:१०. आमच्याकडे महिना सुरू झाला की तो चेक सगळ्यात आधी निघतो, वीजबिलाच्याही आधी. पूर्वी आम्ही "वर्षअखेर उरले तर देऊ" म्हणायचो आणि खरं सांगतो, एकदाही उरले नाहीत, रंगकाम निघायचं, माइक बिघडायचा, काहीतरी व्हायचंच. आधी काढायला लागलो तेव्हापासून एकही महिना चुकला नाही.

वाचक_बेथानी
@पहिलं_फळ आधी काढता हे फार चांगलं, पण मलाखीचं वचन मंडळीच्या बजेटला असं सरळ लावता येत नाही. तिथे दशमांश मंदिराच्या भांडारात आणायला सांगितलंय. त्याच्या जोडीला अनुवाद १४:२८-२९ वाचा, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. म्हणजे दशमांशातच गरिबाचा वाटा होता, गरिबासाठी दशमांशाचा दशमांश असा नव्हता. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिताना टक्केवारी सांगतच नाही, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं म्हणतो.
आणि आकडाच हवा असेल तर इतिहासात एक आहे. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या बिशप ऑगस्टीनला अगदी हेच उत्तर लिहून पाठवलं होतं, अर्पणाचं काय करायचं म्हणून. रोमची रीत चार भागांची, एक बिशप आणि त्याच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी, एक पाळकवर्गाला, एक गरिबांना, एक चर्चच्या डागडुजीला. गरिबांना चौथा हिस्सा! दहाव्यापेक्षा कितीतरी जास्त.

पहिलं_फळ
तेव्हा चर्चच्या जमिनी होत्या, उत्पन्न होतं. आज छोट्या मंडळीने पंचवीस टक्के काढले तर पाळकाचा पगार कुठून द्यायचा? पाळकाच्या घरात तंगी ठेवून बाहेर दान करणं मला तरी पटत नाही.

वाचक_बेथानी
पंचवीसच द्या असं म्हणत नाहीये, दहा हा आकडा आकाशातून पडलेला नाही एवढंच म्हणतोय.

हिशोबी_०७
तुम्ही हिशोब कशात ठेवता? वहीत असेल तर आधी एक्सेलमध्ये आणा, प्रत्येक निधीला वेगळी शीट करा. मी एक फॉरमॅट बनवलाय, फॉर्म्युले टाकलेत, नुसती रक्कम भरायची, बेरीज आपोआप होते. हवा असेल तर मेसेज करा. आणि अर्पण मोजताना दोन माणसं ठेवा, एकाच घरातली नकोत, चेकवर पण दोन सह्या ठेवा.

नवा_खजिनदार
@हिशोबी_०७ धन्यवाद पण हिशोब कसा ठेवायचा ते विचारलंच नाहीये. @जुना_पंच रविवारचं अर्पण खर्चात संपतं. हे जमलेले बरेचसे दीड वर्षांपूर्वीच्या खास अर्पणातले आहेत, तेव्हा मी खजिनदार नव्हतो. घटनेत "धर्मादाय कामांना साहाय्य" एवढंच लिहिलंय. आता सांगा, चौघांना समान देऊ का? समान दिले की भांडण तरी होणार नाही.

जुना_पंच
खास अर्पण!! अहो हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. ते कशासाठी गोळा केलं होतं?

घेणारी_होते
मी खजिनदार नाही, कमिटीवरही कधी नव्हते. मी घेणाऱ्यांतली आहे म्हणून लिहिते. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलं शाळेत होती आणि मंडळीने दोन वर्षं फी भरली, त्याबद्दल मी देवाचे आणि त्या लोकांचे आजही आभार मानते. पण पहिल्या वर्षी उपासनेत माझं नाव वाचून दाखवलं, पुढे बोलावलं आणि पाकीट हातात दिलं, फोटो काढला. माझा मोठा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता, तो त्यानंतर कित्येक महिने चर्चला आला नाही. मी त्याला काही बोलू शकले नाही कारण मला स्वतःलाच तिथे बसवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाळकबाई बदलून आल्या, त्यांनी सरळ शाळेच्या खात्यात फी भरली आणि पावती माझ्या घरी आणून दिली, चहा घेतला, गेल्या, कुणाला कळलंही नाही. मदत तेवढीच होती पण त्या वर्षी मी मान वर करून मंडळीत बसले. तुमच्याकडे फीचा अर्ज आहे म्हणताय म्हणून सांगते, टक्के कितीही ठरवा, ते नाव सगळ्यांसमोर घेऊ नका. दोघातिघांना माहीत असलं तरी पुरे.

वाचक_बेथानी
ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

पारदर्शक
ताईंचं म्हणणं मान्य, घेणाऱ्याचं नाव नकोच. पण देण्याघेण्याचा हिशोब मात्र उघड हवा. लोक मत्तय ६:३ पुढे करतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, आणि त्याच्या आड कमिट्या वर्षानुवर्षं हिशोबच देत नाहीत. ते वचन देणाऱ्याच्या मनासाठी आहे, खजिनदाराच्या वहीसाठी नाही. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, या मोठ्या रकमेबाबत कुणी दोष ठेवू नये म्हणून, २ करिंथ ८:२०-२१ मध्ये स्पष्ट आहे.

पहिलं_फळ
देणाऱ्यांची नावं तरी का वाचतात काही ठिकाणी? तेही बंद व्हायला हवं.

पारदर्शक
वाचून दाखवणं वेगळं आणि यादी असणं वेगळं. २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याने शेजारच्या नुमिदियात पकडून नेलेल्या ख्रिस्ती लोकांना सोडवायला एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) पाठवले तेव्हा देणाऱ्यांची नावंही सोबत पाठवली होती, का तर तिकडच्यांनी त्यांना प्रार्थनेत आठवावं. आणि बघा, बंदिवानांसाठी जमवले, बंदिवानांसाठीच गेले.

हिशोबी_०७
अर्पण वाढवायचं असेल तर फोनवरून देण्याची सोय करा, तरुण मंडळी खिशात रोख ठेवतच नाहीत हल्ली.

जुना_पंच
विषय भरकटतोय. @नवा_खजिनदार, मिनिटबुक (सभांच्या नोंदींची वही) काढा आणि त्या खास अर्पणाची घोषणा काय झाली होती ते बघा. लोकांनी एका कामासाठी दिलं असेल तर कमिटीला ते दुसरीकडे वळवायचा अधिकार नाही, मग तुमचे टक्के बिक्के सगळं बाजूला. दुसरं, चार अर्जदारांपैकी कुणाचं कमिटीत कुणाशी नातं आहे का?

नवा_खजिनदार
मिनिटबुक सेक्रेटरींकडे आहे, आज मागतो. नात्याचं म्हणाल तर अनाथाश्रम सेक्रेटरींच्या मेहुण्यांचा आहे, पण ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. समान वाटायची कल्पना पण त्यांचीच.

पारदर्शक
सगळ्यांना माहीत असणं पुरेसं नाही. त्या अर्जावर चर्चा होईल तेव्हा त्यांनी बाहेर जावं, मत देऊ नये, आणि ते बाहेर गेले होते हे मिनिट्समध्ये लिहावं. यात त्यांचाही मान राहतो, उद्या कुणी बोट दाखवायला नको.

भेट_देणारा
आणि जाऊन बघा हो! चारही ठिकाणी कमिटीतली दोन माणसं पाठवा, आधी न सांगता नाही, सांगूनच, पण अर्धा दिवस तरी तिथे बसा. मुलं किती, सांभाळणारे किती, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशोब दाखवतात का. माझं मत असं की चार ठिकाणी थोडं थोडं देण्यापेक्षा एकच काम धरा आणि तीन वर्षं द्या, त्यांना पुढचं ठरवता येतं आणि तुमच्या लोकांना तिथे जाण्याची सवय लागते. समान वाटप म्हणजे कमिटीने निवड करायचं टाळलं, दुसरं काही नाही.

पहिलं_फळ
एकच धरलं आणि ते बंद पडलं तर? आम्ही पाच ठिकाणी देतो, कधीच अडचण आली नाही.

भेट_देणारा
पाचपैकी किती ठिकाणी तुम्ही स्वतः गेलायत?

पहिलं_फळ
दोन. बाकी तिघांचे रिपोर्ट येतात.

वाचक_बेथानी
प्रेषितांची कृत्ये ६ आठवा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी वाटणीचा आकडा नाही बदलला, वाटणारी माणसं नेमली, सात जण, आणि नावं बघा, सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याचकडची म्हणता येतील अशी. तुमच्या कमिटीत कधीतरी मदत घेतलेलं कुणी आहे का? या धाग्यावर ताईंनी जे सांगितलं ते आपल्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

नवा_खजिनदार
मिनिटबुक मिळालं. घोषणेत लिहिलंय "आजारी बंधुभगिनींच्या औषधोपचारासाठी विशेष अर्पण". पाळकसाहेबांना दाखवलं, ते म्हणाले त्यांना आठवत होतं पण सेक्रेटरींशी वाद नको म्हणून बोलले नाहीत. आता माझी अडचण वाढली आहे, ते पैसे जनरल खात्यातच पडलेत आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेल्या पावसाआधी छपराला लागला. छप्पर गळतच होतं, कुणी खिशात घातले नाहीत. पण औषधांसाठी दिलेले पैसे आहेत, आणि ज्या आजी तेव्हा सगळ्यात जास्त देऊन गेल्या त्या आता नाहीत. झोप लागली नाही रात्री. काय करू?

जुना_पंच
घाबरू नका, तुम्ही घातलेला घोळ नाही आणि सापडलाय हे चांगलंच झालं. आज जे शिल्लक आहे ते वेगळ्या खात्यात काढा, "औषधोपचार निधी" नाव द्या. छपराला लागलेली रक्कम जनरल फंडाने या निधीकडून घेतलेलं कर्ज म्हणून दाखवा आणि दर महिन्याला ठरावीक परत करायचा ठराव रविवारी घ्या. औषधांच्या गटाला या निधीतून द्या, जाऊन बघून, शक्यतो सरळ दवाखान्याच्या नाहीतर औषधांच्या बिलावर. बाकी तीन अर्जांना या पैशातून काहीच देता येणार नाही, त्यांना तसं पत्र लिहा, ताटकळत ठेवू नका. तुमचे नोंदणीचे नियम काय म्हणतात ते ऑडिटरला दाखवून घ्या. आणि मंडळीला सांगा. सगळ्यांना, उपासनेनंतर, जसं झालं तसं.

नवा_खजिनदार
सेक्रेटरी चिडतील.

घेणारी_होते
चिडू द्या. तुमच्या मंडळीत आज कुणीतरी आजारी असेल आणि त्यांच्यासाठी पैसे आहेत हे त्यांना माहीतच नसेल. त्यांना कोण सांगणार?

नवा_खजिनदार
आहेत हो, दोघं आहेत. एकांचं डायलिसिस चालू आहे. उद्या पाळकसाहेबांना घेऊन त्यांच्या घरी जातो, पाकीट वगैरे काही नेत नाही, बिलं कुठे भरायची तेवढं विचारून येतो. ठरावाचा मसुदा रात्री टाकतो इथे, @जुना_पंच एकदा बघाल का?

जुना_पंच
टाका. जागा आहे मी.