मदत हवी आहे: पुण्यात शिकायला आलेल्या मलावीच्या मुलाचं पहिलं वर्ष

नमस्कार मंडळी,

आमच्या कर्वेनगरच्या घराची वरची खोली सप्टेंबरपासून आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या एका मुलाला दिली आहे. बीएस्सी कॉम्प्युटर, पहिलं वर्ष. व्हिसा उशिरा लागला, त्यामुळे तो पोचला तोवर वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला होता. खेड्यातला आहे, घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. फी शिष्यवृत्तीतून जाते. खर्चासाठीही दरमहा ठरावीक पैसे मिळणार आहेत, पण ते बँकेत जमा होतात आणि खातंच उघडत नाहीये.

आल्यापासून २४ तासांत सी फॉर्म (परदेशी माणूस घरी राहतोय हे घरमालकाने कळवायचा) मी भरला, एफआरआरओची म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली नोंदणी त्याने १४ दिवसांच्या आत केली. तरी बँकेत एकच पालुपद: आधार आणा. परदेशी माणसाला आधारसाठी इथे आधी १८२ दिवस राहावं लागतं. तोवर पोराने खायचं काय? स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरून मागवावं तर २०२३च्या नोव्हेंबरात तिथे एका झटक्यात डॉलर ४४ टक्क्यांनी महागला. त्याचे वडील शेतात मका लावतात, ते काय पाठवणार!

भाडं सध्या घेत नाही. पण तो एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवतो, डब्याचे पैसेसुद्धा. परवा मी भाजी दिली तर तीही लिहिली. मी रागावले, तो नुसता हसला.

अभ्यासाचं वेगळंच. गणित उत्तम आहे, पण गावात वीज नव्हती, कीबोर्ड पहिल्यांदा नीट हाताळला तो इथे. प्रॅक्टिकलला सर इंग्रजीत सुरुवात करतात आणि दोन मिनिटांत मराठीवर येतात. 'समजलं का?' विचारलं की हा सगळ्यांबरोबर मान हलवतो. पहिल्या इंटर्नलमध्ये सी प्रोग्रामिंगच्या पेपरात नापास झाला, ते मला आठवड्याने कळलं.

रात्री साडेदहाला गच्चीवर जाऊन घरी फोन करतो, कारण तिथे तेव्हा सात वाजलेले असतात. त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार झाली. (वरच्या मजल्यावरचा ढोल-ताशाचा सराव मात्र चालतो.) हल्ली तो फोनच करत नाही. मला हे जास्त टोचतंय.

मला तो 'अमायी' म्हणतो. त्यांच्या चिचेवा भाषेत ते आईला आणि मोठ्या बायकांनाही म्हणतात. आपल्या अहो-जाहोसारखं मोठ्यांशी बहुवचनात बोलणंही त्यांच्याकडे आहे, त्यामुळे 'तुम्ही' त्याला लगेच जमलं.

आता दिवाळीत मेस आठ दिवस बंद. त्यांचं रोजचं जेवण न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची उकडच, पण इतकी घट्ट की हातात गोळा करून कालवणात बुडवायची. मी तांदळाची उकड करून दिली. खाल्ली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग एकदा शेजारच्या काकूंनी सुकट भाजली आणि हा वासावर खाली आला! त्यांच्या तळ्यातली उसिपा नावाची छोटी मासळी अशीच वाळवतात म्हणे. आमचं घर शाकाहारी, पण काकूंनी डबा भरून दिला. तो वहीत लिहिला नाही, हे मी पाहून ठेवलं आहे.

तर प्रश्न असे. बँकेचं काय करावं? पुण्यात पांढऱ्या मक्याचं पीठ कुठे मिळतं? आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणी त्याला सी शिकवेल का, पण उपकार वाटणार नाही अशा बेताने?

भर (चार दिवसांनी): बँकेतून निवृत्त झालेल्या प्रतिसादकांचे शतशः आभार. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ (अनिवासी लोकांचं रुपयातलं) खातं पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर उघडता येतं, पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत दिला तरी चालतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम छापून मोठ्या शाखेत नेला. काल खातं उघडलं.

शिकवणीचं: कोथरूडच्या ताईंनी सुचवलंय की त्याने त्यांच्या नववीतल्या मुलीला गणित शिकवावं आणि त्यांनी त्याला सी. विचारलं तर म्हणाला, "अमायी, तिला कोणता धडा अडतोय?"

पिठाचं अजून कुणी सांगितलेलं नाही. वसुबारस शुक्रवारी आहे.