मदत हवी आहे : छोट्या खोलीत घरचं ऑफिस, टेबल कुठल्या भिंतीला लावू?

शाईपेन

नमस्कार मंडळी. घरातली अडगळीची खोली रिकामी करून तिथे कामाची जागा करायची आहे. सुतार पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला येतोय, त्याआधी डोक्यातला गोंधळ निस्तरायचाय.

खोली १० बाय ९ फूट. खिडकी पश्चिमेच्या भिंतीत. समोर पूर्वेच्या भिंतीत, उत्तरेच्या कोपऱ्याला चिकटून दार. म्हणजे उत्तर आणि दक्षिण या दोन्ही १० फुटी भिंती सलग मोकळ्या. ३ फूट रुंदीचं एक जुनं लोखंडी कपाट आहे, ते याच खोलीत राहणार (दुसरीकडे जागाच नाही, त्यामुळे 'कपाट काढून टाका' हा सल्ला कृपया नको). शिवाय पाहुणे आले तर खाली एक गादी पडेल एवढी जमीन मोकळी हवी.

मी संपादनाचं काम करते. अर्धा वेळ लॅपटॉपवर, अर्धा वेळ छापील प्रुफांवर पेनाने. मध्ये एखाददुसरा व्हिडिओ कॉल. संध्याकाळी तीच जागा नवरा वापरणार. माझी उंची ५ फूट १ इंच, त्याची ५ फूट १०.

आता भानगड अशी की, नवऱ्याला टेबल खिडकीकडे तोंड करून हवंय. मान वर केली की झाड दिसेल म्हणे. झाड मलाही आवडतं, पण दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांवर येतं. सुतार फोनवरच म्हणाला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल ठोकून देतो, उंची ३० इंच, सगळीकडे तेवढीच असते. सध्या बसते ते जेवणाचं टेबलही तेवढंच आहे आणि संध्याकाळपर्यंत माझे खांदे कानांना भेटायला निघालेले असतात.

दिवा एकच, छताच्या मधोमध. एक भिंत गडद हिरवी करायचा मोह होतोय. आणि खोली रिकामी असल्यामुळे बोललं की आवाज घुमतो, त्यावरही काही सुचत असेल तर सांगा.

उजेडवेडा

खिडकीकडे तोंड नको, पाठही नको. तोंड केलंत तर मागच्या झगमगाटामुळे स्क्रीन काळवंडलेली वाटते आणि डोळे बारीक करून बघावं लागतं. पाठ केलीत तर सगळी खिडकी स्क्रीनमध्ये दिसते, शिवाय कॉलवर तुमची नुसती काळी आकृती. खिडकी कुशीला घ्या, म्हणजे स्क्रीन खिडकीशी काटकोनात येईल. झाड मान वळवून बघायचं. ते तसंही बरंच, कारण दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघत जा असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात.

उत्तरेच्या भिंतीला टेबल लावा. उजेड डावीकडून येईल, लिहिताना हाताची सावली कागदावर पडणार नाही.

रंधा

ताई, ३० इंच तुम्हाला उंच, आणि तुमच्या मिस्टरांनाही जरा उंचच. आधी हे करा. खुर्चीवर बसून पावलं सपाट टेका, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा. तुमची २४-२५ इंच भरेल. म्हणजे ३० इंची टेबलावर हात पाच इंच वर उचलून धरायचे, दिवसभर. मग खांदे दुखणार नाहीत तर काय होईल?

टेबल ठोकून पक्कं करायचं असेल तर उंच माणसाच्या मापाने करा. त्यांचं माप २७-२८ भरलं तर टेबल तेवढंच. तुम्ही खुर्ची वर घ्यायची आणि पायांखाली पावठाण ठेवायचं. पाय लोंबकळत ठेवू नका, मांडीखाली खुर्चीची कड रुतते. उंची कमीजास्त होणाऱ्या टेबलाचे तयार पाय मिळतात, दोघांत एवढा फरक असताना मी तरी तेच घेईन. पण ते नको असतील तर पावठाणाने भागतं.

टेबलाखाली मधोमध ड्रॉवर अजिबात करू देऊ नका. सुतारांना त्याची फार हौस, पण मांड्या अडकतात आणि मग खुर्ची वर घेताच येत नाही. ड्रॉवर हवा तर बाजूला, चाकांवरचा. टेबलाची खोली निदान २४ इंच, प्रुफं पसरायची असतील तर ३० घ्या. १८ मिमी प्लाय १० फूट सलग टाकला तर मधे झोळ येणार. मागे भिंतीला पट्टी आणि मधे आधार हवाच. वर सनमायका मॅट, फिकट रंगाचा. चकचकीत लावला तर दिवा टेबलातून डोळ्यांत येतो. मागे भिंतीलगत इंच-दीड इंच फट सोडायला सांगा, वायरी तिथून खाली जातील. आणि प्लगची ठिकाणं इलेक्ट्रिशियनला सुताराच्या आधी दाखवा, नंतर नव्या टेबलाला भोकं पाडत बसावं लागतं.

शाईपेन

मोजलं. माझं २४ आणि थोडं वर, नवऱ्याचं साडेसत्तावीस. सुताराला फोन करून ३० इंच रद्द!

@उजेडवेडा, एक सांगायचं राहिलं, मी डावखुरी आहे. उजेड डावीकडून आला तर उलटंच होईल ना? आत्ताही तेच होतंय. दुरुस्ती करत ओळीच्या पुढे जाते तशी हाताची सावली पुढच्याच शब्दांवर सरकत जाते आणि बारीक टायपातले अनुस्वार सुटतात.

उजेडवेडा

अरेच्चा! मग सगळं उलटं करा. टेबल दक्षिणेच्या भिंतीला. दक्षिणेकडे तोंड करून बसलात की पश्चिम उजवीकडे येते. टेबललॅम्पही उजवीकडूनच, मान वाकवता येणारा, ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर असा पांढरा उजेड देणारा. छताचा दिवा तुमच्या पाठीमागे राहणार, त्याच्या भरवशावर कागद वाचायला घेऊ नका, डोक्याची सावली पडते. लिहिण्यावाचण्याच्या जागी ५०० लक्स उजेड धरतात. फोनवरच्या ॲपने अंदाजे मोजता येईल. नवरा उजव्या हाताने लिहीत असेल तर संध्याकाळी लॅम्प डावीकडे सरकवेल, त्याला काय होतंय?

खिडकीला पातळ पडदा हवाच, उन्हाच्या वेळी तेवढाच ओढायचा.

निवांतराव

हिरव्या रंगाचं बोलतो, बाकी वर झालंच आहे. स्क्रीनच्या मागची भिंत गडद करू नका. उजळ स्क्रीन, मागे अंधारी भिंत, डोळे लवकर शिणतात. हिरवा उत्तरेच्या भिंतीला द्या. ती तुमच्या पाठीमागे येईल, कॉलवर छान दिसेल. रंग मॅटच घ्या. बाकीच्या भिंती फिकट, नाहीतर एकुलत्या एका खिडकीचा उजेड भिंतीच खाऊन टाकतील.

घुमण्यासाठी फोमचे तुकडे चिकटवू नका, दिसतातही वाईट. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेली फळी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. बाहेरचा आवाज ही वेगळी गोष्ट, तो दाराखालच्या फटीतून येतो. तिथे रबरी पट्टी लावा.

आणि लॅपटॉप स्टँडवर चढवून कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या, नाहीतर टेबल कितीही मापात केलं तरी मान खालीच.

शाईपेन

दक्षिणेची भिंत ठरली, नवराही कबूल झालाय. पण मग ते कपाट उत्तरेला जाणार, म्हणजे हिरव्या भिंतीपुढे, कॉलवर सगळ्यांना दर्शन!

रंधा

उत्तरेला कशाला? दक्षिणेच्याच भिंतीला, पूर्वेच्या टोकाला लावा. दार उत्तरेच्या कोपऱ्यात आहे, कपाट आड येणार नाही. ३ फूट कपाट, उरलेल्या ७ फुटांत साडेसहा फुटी टेबल, आणि खिडकीकडे अर्धा फूट पडद्याला. कॅमेऱ्यात कपाट येणार नाही, उजेड अडणार नाही, प्लायचा झोळही आटोक्यात. टेबल ३० इंच खोल धरलं तरी समोर साडेसहा फूट उरतात. खुर्ची आत सरकवली की गादी उत्तरेच्या भिंतीलगत आरामात पडते. फक्त कपाटाची दारं पूर्ण उघडून बघा आणि डावं दार टेबलाकडचं की उजवं, ते सुताराला दाखवा. टेबल कपाटाच्या पुढे आलं तर ते दार अर्धंच उघडेल.

शाईपेन

टेबलाकडचं उजवं दार, आणि कपाट १९ इंच खोल आहे. म्हणजे कपाटाच्या बाजूला टेबल तेवढंच ठेवून पुढे ३० करता येईल का?

रंधा

येईल. कपाटालगतचा दीड फूट १९ इंचांवर ठेवा, तिथून तिरका काप घेऊन ३० वर न्या. कोपरा गोल करायला सांगा, येताजाता मांडीला लागतो.