फेरेंत्स नॉज : हातचं घालवलं, की हातात काही नव्हतंच?

बांधावरचा : हंगेरीचा 1946-47 चा पंतप्रधान, छोट्या शेतकऱ्यांच्या पक्षाचा नेता. (1956 च्या उठावातला इम्रे नॉज वेगळा, गल्लत नको.) बारान्या भागातल्या बिशे गावचा शेतकऱ्याचा पोरगा. नोव्हेंबर 1945 च्या निवडणुकीत पक्षाला 57 टक्के मतं, कम्युनिस्टांना 17. तरी गृहखातं कम्युनिस्टांकडे! मार्च 1946 मध्ये त्यांनी डोळे वटारले, तर यांनी आपलेच वीसेक खासदार पक्षातून काढले. कम्युनिस्ट नेता राकोशी नंतर फुशारकी मारायचा, विरोधकांना सलामीसारखं (मांसाचं सॉसेज) चकती-चकती कापलं म्हणून. सुरी त्याची, पण ताट नॉजनेच पुढे केलं.

जुनी_वही : असहमत. बळी तो कान पिळी. सोव्हिएत लाल सेना देशात ठाण मांडून होती. निकाल काहीही लागो, आघाडी सरकारच हवं, हे सोव्हिएत मार्शल वोरोशिलोव्हने आधीच बजावलेलं. गृहखात्यासाठीही यांनी आपल्याच पक्षाच्या बेला कोवाचचं नाव पुढे केलं होतं, ते त्यानेच हाणून पाडलं. 57 टक्क्यांचं काय लोणचं घालायचं होतं?

तिरपागडा : फोरिंटबद्दल, म्हणजे हंगेरीच्या नव्या चलनाबद्दल, कुणीच बोलत नाही. जुलै 1946 मध्ये तिथे भाव साधारण 15 तासांत दुप्पट होत होते. सकाळचा पगार संध्याकाळी कागद! 1 ऑगस्टला फोरिंट आला आणि टिकला. पंतप्रधान हाच होता ना?

बांधावरचा : श्रेयात कम्युनिस्टही वाटेकरी होते, आणि त्यांनी ते वाजवून घेतलं. पण बेला कोवाचचं काय? पक्षाचा सरचिटणीस. संसदेने त्याचं खासदार म्हणून अटकेपासूनचं संरक्षण काढलं नाही, चौकशीला तो आपणहून गेला आणि 25 फेब्रुवारी 1947 ला सोव्हिएतांनी उचलला. वर्षानुवर्षं त्यांच्या कैदेत. पंतप्रधान मात्र मे महिन्यात स्वित्झर्लंडला सुट्टीवर!

जुनी_वही : आणि तिथे निरोप आला की परतलात तर अटक. लहान मुलगा बुडापेस्टमध्ये अडकलेला. पोर द्या, राजीनामा घ्या, असा सौदा झाला. पुढचं आयुष्य अमेरिकेत, व्हर्जिनियात शेती करत. त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं, सांगा.

बांधावरचा : सही केली असती, डोळे झाकून. पण ती मे 47 ची गोष्ट. मी मार्च 46 बद्दल विचारतोय, तेव्हा पोरगा घरीच होता.