मेडिकल कोडिंगमध्ये (अमेरिकन विमा क्लेमसाठी आजार-लक्षणांना आयसीडी-१०-सीएम कोड देण्यात) छातीतल्या जळजळीला आर१२ (फक्त लक्षणाचा कोड) की के२१.९ (जीईआरडी, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड अन्ननलिकेत वर येण्याचा आजार, सूज नसलेला)?
'छातीत जळजळ दिसली की सरळ के२१.९ टाका, क्लेम अडकत नाही' हे काही जणांचं मत अमेरिकन ओपीडी चार्टला चालणार नाही. डॉक्टरांनी 'प्रोबेबल' (बहुधा) किंवा 'रूल आउट जीईआरडी' (जीईआरडी आहे की नाही ते तपासा) लिहिलं असेल, तर लक्षणाचाच कोड, म्हणजे आर१२. अ‍ॅडमिट पेशंटचा नियम वेगळा: डिस्चार्जच्या वेळीही 'प्रोबेबल' असेल तर निदान पक्कं धरून कोड करतात. आमच्या पुण्याच्या टीममध्ये नवी पोरं इथेच अडखळतात.

आणखी एक: जीईआरडीसोबत अन्ननलिकेला सूज असेल तर जुना के२१.० आता अपुरा. १ ऑक्टोबर २०२० पासून रक्तस्राव नसेल तर के२१.००, असेल तर के२१.०१. जुन्या चीटशीटवरून टाकलात की क्लेम परत आलाच म्हणून समजा.