लेकीची शुगर थोडीच जास्त, मोडीची (MODY, एका जीनमधल्या बिघाडामुळे घराण्यात चालणारा डायबेटिस) जीन टेस्ट करावी का?

साताऱ्याची_आई: लेक १३ ची, अंगाने बारीक. उपाशीपोटी शुगर ११८, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.४, वर्षभर तिथेच अडकलीय. ह्यांची आणि सासऱ्यांचीही अशीच. डॉक्टर जीन टेस्ट म्हणतायत, सासूबाई म्हणतात गोड बंद करा की झालं. काय करू?

निवांत: आधी जीएडी अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का ते कळतं) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं) केलं का? अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर बहुतेक टाइप १ डायबेटिसच, मग जीनचा खर्च कशाला.

साताऱ्याची_आई: निगेटिव्ह आलीय.

शुगरवाला_काका: मग करा. आकडे जीसीके मोडीसारखे (जीसीके नावाच्या जीनमुळे होणारा प्रकार) वाटतायत, त्यात शुगर जन्मापासूनच जरा वर सेट असते, सहसा ना गोळी ना इन्सुलिन. पण एचएनएफ१ए (दुसऱ्या जीनचा मोडी) निघालं तर ती वाढत जाते आणि तिथे सल्फोनिलयुरियाची (शरीराला स्वतःचं इन्सुलिन जास्त स्रवायला लावणारं औषध) छोटी गोळी भारी चालते, आमचा पुतण्या टाइप १ समजून इन्सुलिनवर होता, रिपोर्टनंतर गोळीवर आला. पण रिपोर्टआधी कुणी आपल्या मनाने इन्सुलिन थांबवू नका प्लीज!!

निवांत: चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ही टेस्ट होते, रक्त इथूनच पाठवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. आणि लेकीचं काही सापडलं तर मिस्टरांचीही करा, आईबाबांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला ५० टक्के चान्स असतो.