रापण ओढतात, डोल लावतात, पाग फेकतात

मासेमारीबद्दल मराठीत लिहिताना 'जाळं टाकलं' हे एकच वाक्य सगळीकडे वापरलं जातं. कोकण किनाऱ्यावर मात्र प्रत्येक जाळ्याचं क्रियापद वेगळं आहे, आणि ते क्रियापद चुकलं की सांगणाऱ्याने जाळं पाहिलेलं नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पाग फेकतात. रापण ओढतात. डोल लावतात. पागेला तर स्वतःचं क्रियापदच आहे, 'पागणे'. कडेला शिशाचे मणी ओवलेलं हे गोल जाळं एकटा माणूस खाडीत किंवा उथळ पाण्यात उभा राहून फेकतो. हवेत ते पूर्ण उघडलं पाहिजे, नाहीतर फेक वाया जाते. पागेबद्दल एवढं पुरे, कारण खरी चर्चा व्हायला हवी ती रापण आणि डोल या दोन शब्दांवर.

'रापण म्हणजे काय?' याला शब्दकोशात 'एक प्रकारचे मोठे जाळे' असं उत्तर मिळालं तर ते चूक नाही, अपुरं आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे हा शब्द तीन अर्थांनी चालतो. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेत समुद्रात जाते, जाळं सोडत सोडत दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्ही बाजूंचे दोर माणसं ओढत बसतात. हे झालं जाळं. या सगळ्या कामालाही रापणच म्हणतात: 'आज रापण आहे.' आणि ते जाळं ज्यांच्या मालकीचं, जे एकत्र ओढतात, त्या माणसांच्या गटालाही रापणच. 'तो त्यांच्या रापणीत आहे' या वाक्यात तो जाळ्यात अडकलेला नाही, तो भागीदार आहे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. एकट्यादुकट्याने रापण ओढता येत नाही, म्हणून हा तिसरा अर्थ भाषेत आला असावा असं मला वाटतं. मालवणीत 'रापणीक बांगडो गावलो' असं ऐकताना जाळं, काम आणि माणसं तिन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात.

गोव्यात हाच शब्द 'रापोण', 'रांपण' असा ऐकू येतो आणि ओढणारे ते रांपणकार. १९७०च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध तिथे जे आंदोलन उभं राहिलं ते याच नावाने ओळखलं जातं. पुढे कारवारच्या बाजूला 'रंपणी'.

इथे एक गल्लत होते ती आवर्जून सांगतो. रापण आणि पर्ससीन, दोन्हीत मासळीला घेरतात, म्हणून बातम्यांत कधीकधी दोन्हींना 'घेरा जाळं' म्हटलं जातं. पण पर्ससीन खोल पाण्यात यांत्रिक बोटीवरून टाकतात आणि खालची दोरी आवळून पिशवीसारखं तोंड बंद करतात. रापणीचं दुसरं टोक किनाऱ्यावरच येतं, त्यामुळे तिची धाव किनाऱ्यापुरतीच. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने निर्बंध आणले ते पर्ससीनवर, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरणाऱ्यांत रापणकर होते. दोघांना एकच शब्द लावला की भांडण कोणाचं कोणाशी हेच वाचकाला कळत नाही.

आता डोल. 'डोलकर' हा शब्द बहुतेकांनी गाण्यात ऐकलेला असतो आणि लाटांवर डोलणारा तो डोलकर, असा अर्थ मनात बसलेला असतो. डोलकर म्हणजे डोल लावणारा. डोल हे निमुळत्या पिशवीसारखं लांब जाळं समुद्रात खुंटांना बांधून प्रवाहासमोर तोंड उघडं ठेवून लावतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली प्रवाहाबरोबर आत येतात आणि टोकाशी, म्हणजे 'खोल्या'त साठतात. मासळीच्या मागे कोणी धावत नाही, पाणीच ती आणून देतं. डोलकाठी म्हणजे शिडाचा खांब. त्याचा या जाळ्याशी संबंध जोडू नये.

प्रवाहावरच सगळं अवलंबून असल्यामुळे डोलकराच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीला जोर असतो ते उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी मंद असतं तो भांग. उधाणाला डोल लावायची, भांगात जाळी दुरुस्त करायची. 'आनंदाला उधाण' आपण सगळेच म्हणतो, पण वादळात समुद्र खवळला की 'समुद्राला उधाण' असं छापलं जातं ते मला खटकतं. वारा पडलेला असतानाही पौर्णिमेला उधाण येतंच. ते पंचांगात आधी कळतं, वादळ कळत नाही.

डोल उत्तरेला आणि रापण दक्षिणेला का, याचं उत्तरही पाण्यातच आहे. मुंबईच्या बाजूला उधाणात पाण्याची चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, मालवणकडे साधारण तिच्या निम्मी. पालघर ते रायगडच्या चिखलाच्या तळात खुंट रोवता येतो, प्रवाहाला ओढ आहे. मालवणकडे प्रवाहाचा तो जोर नाही, पण दोर ओढत उभं राहायला वाळूचा लांब सपाट किनारा आहे.

एक छोटा शब्द, 'आस'. जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. डोलीच्या तोंडाशी आस मोठा, खोल्याकडे लहान होत हाताचं बोट जेमतेम जाईल एवढा. सरकारी कागदांतही 'चौकोनी आसाचे जाळे' असा प्रयोग आहे, ही समाधानाची गोष्ट. सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करत असत. नायलॉन आलं, ती गरज संपली, आणि त्या कामाभोवतीची बोलीही तिच्याबरोबर गेली.

होड्यांबद्दल थोडक्यात. अरुंद होडी कलंडू नये म्हणून बाजूला दोन आडव्या काठ्यांनी जोडलेलं हलक्या लाकडाचं तरंगतं ओंडकं म्हणजे उलांडी. मचवा होडीपेक्षा मोठा. गलबत हे मालवाहतुकीचं आणि आरमाराचं, साध्या मच्छीमाराच्या होडीला तो शब्द लावला की वाक्य उगाच भारदस्त होतं. उलट प्रत्येक इंजिनाच्या बोटीला 'ट्रॉलर' म्हणणंही चूक, तळाशी जाळं फरफटत नेते तीच ट्रॉलर. बोटीचा मालक नाखवा, ती चालवणारा तांडेल, बाकीचे खलाशी. नाखवा आणि तांडेल एकच माणूस असू शकतो, पण शब्द एक नाहीत.

खाडीतल्या जाळ्यांचे शब्द अजून बरेच राहिलेत. रायगड-ठाण्याकडची भोकशी एवढी ठाऊक आहे. तुमच्या खाडीत काय लावतात आणि त्याला कोणतं क्रियापद वापरतात, ते गावाच्या नावासकट इथे लिहा. नुसतं नाव दिलंत तर अर्धंच कळेल, वाक्य द्या.